चाहूल लागावी, नजर पडू नये: जपानमध्ये दोन पिढ्यांचे घर चौकाभोवती बांधताना

टोकियोला लागून असलेल्या सायतामा प्रांतात माझ्या सासूसासऱ्यांचे जुने लाकडी घर पाडून त्याच जागेवर आम्ही दोन पिढ्यांसाठी, मधल्या चौकाभोवती, एक नवे घर बांधले. त्याला आता चार वर्षे होत आली. जपानी कुटुंबात लग्न करून आलेल्या किंवा कायमचे वास्तव्य मिळवून इथेच स्थिरावलेल्या मराठी मंडळींकडून मला वरचेवर विचारणा होते, की सुरुवात कुठून करायची, कोणती कागदपत्रे लागतात आणि कुठे फसायला होते. त्या सर्वांना एकदाच नीट उत्तर मिळावे म्हणून हे पायरीपायरीने लिहीत आहे. बांधकामाचे आणि करांचे काही नियम पालिकेगणिक बदलतात, म्हणून इथले आकडे हाताशी ठेवावेत आणि आपल्या पालिकेत व वास्तुविशारदाकडे खात्री करून घ्यावी.

माझे लहानपण साताऱ्याच्या एका वाड्यात गेले. आमच्या चौकात धुणे वाळायचे, सांडगे-कुरडया पडायच्या, तुळशीचे लग्न लागायचे आणि सहा बिऱ्हाडांची भांडणेही तिथेच मिटायची. त्यामुळे ‘नाकानिवा’, म्हणजे घराच्या मधला चौक, हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तोच चौक उभा राहिला. जपानी परंपरेतला छोटा चौक मात्र निराळा असतो. क्योतोतल्या माचिया, म्हणजे जुन्या शहरी लाकडी, घरांचा दर्शनी भाग अरुंद असतो आणि घर आत लांबवर गेलेले असते, म्हणून त्यांना ‘उनागी नो नेदोको’, ईल माशाचे अंथरूण, असे म्हणतात. अशा घराच्या पोटात उजेड आणि वारा यावा म्हणून ‘त्सुबोनिवा’, म्हणजे हा छोटा चौक, ठेवलेला असतो. तो पाहायचा असतो, आणि झाडलोट करणाऱ्याखेरीज सहसा कुणी त्यात पाय ठेवत नाही. दोन कुटुंबांच्या घरातल्या चौकाला याहून वेगळे काम करावे लागते: त्याने दोन बिऱ्हाडांमध्ये अंतर राखायचे आणि त्या अंतरातून एकमेकांची चाहूल लागू द्यायची. जपानीत या चाहुलीला ‘केहाइ’ म्हणतात. पुढची प्रत्येक पायरी मी या एकाच कसोटीवर तपासली आहे.

१. आराखड्याआधी प्रत्येकाचा दिवस लिहून काढा

दोन कुटुंबांच्या घराला इथे ‘निसेताइ जुताकु’ म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, दार सगळे सामायिक असते. दुसऱ्यात काही भाग सामायिक आणि काही वेगळे असतात. तिसऱ्यात दोन्ही बिऱ्हाडे पूर्णपणे स्वतंत्र असतात. बांधकाम कंपनी पहिल्याच भेटीत ‘यांपैकी कोणता?’ असे विचारते आणि बहुतेक कुटुंबे संकोचापोटी मधला प्रकार सांगून मोकळी होतात. इथेच पहिली चूक होते.

आम्ही चौकटीच्या कागदावर घरातल्या सहाही जणांचे चोवीस तास लिहून काढले. ओकासान, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे पाचला उठतात आणि साडेपाचला बुत्सुदानासमोर, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, घंटा वाजवतात. माझे पती आठवड्यातून दोनदा शेवटच्या गाडीने येतात आणि रात्री साडेबाराला अंघोळ करतात. ओतोसान, म्हणजे सासरे, दुपारी एक ते तीन झोपतात आणि त्याच वेळी मुले शाळेतून येतात. हा कागद पाहिल्यावर न्हाणीघरे दोन हवीत, कपडे धुण्याचे यंत्र सासूसासऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या डोक्यावर येता कामा नये आणि रोजचे रात्रीचे जेवण एकत्र नको, रविवारचे हवे, हे कुणी कुणाला न दुखावता ठरले. जपानी घरात ज्येष्ठ माणसे ‘आम्हाला काहीही चालेल’ असे म्हणतात, ते शब्दशः घेऊ नये. वेळापत्रक लिहून मागितले तर तेच खरे उत्तर असते.

२. जमिनीची कागदपत्रे आधी काढा

पुढची कागदपत्रे जमवा. पहिल्या दोन ओळींतली जमीन-नोंदणीच्या सरकारी कार्यालयातून, म्हणजे ‘होमुक्योकू’तून, पैसे भरून कुणालाही मिळतात:

- जमीन आणि जुन्या घराच्या नोंदणीचा उतारा (तोकी जिको शोमेइशो)
- हद्दींचा नकाशा (कोझू) आणि असल्यास मोजणीचा नकाशा
- जुन्या घराच्या बांधकाम परवानगीची कागदपत्रे, जी घरातल्या एखाद्या कपाटात सापडतात

उताऱ्यावर मालकाचे नाव नीट वाचा. आमच्या जमिनीवर माझ्या पतींच्या आजोबांचे नाव होते, जे जाऊन वीस वर्षे झाली होती. वारसांच्या सह्या जमवण्यात आमचे पाच महिने गेले, कारण एक आत्या दूर क्यूशू बेटावर राहतात आणि त्यांना प्रत्यक्ष भेटून समजावणे भाग होते. तेव्हा वारस नोंद ऐच्छिक होती. १ एप्रिल २०२४ पासून ती सक्तीची झाली असून, वारसा मिळाल्याचे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंद केली नाही तर एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी तपासणी रस्त्याची. किमान चार मीटर रुंदीच्या रस्त्याला जमिनीची किमान दोन मीटर बाजू लागून असल्याशिवाय नवे घर बांधता येत नाही. जुन्या वस्त्यांतले रस्ते याहून अरुंद असतात. तिथे साधारणपणे रस्त्याच्या मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरकावे लागते आणि तेवढी जमीन क्षेत्रफळातून वजा होते. चौकाचे गणित मांडण्याआधी ही वजाबाकी करावी.

३. किती बांधता येईल याची बेरीज करा

दोन शब्द पाठ करा. ‘केनपेइरित्सु’ म्हणजे जमिनीच्या किती टक्के भागावर इमारत उभी राहू शकते, आणि ‘योसेकिरित्सु’ म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्रफळ जमिनीच्या किती टक्के असू शकते. आमची जमीन ६२ त्सुबोंची आहे. एक त्सुबो म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, ढोबळमानाने दोन तातामी चटयांएवढी जागा. म्हणजे सुमारे २०५ चौरस मीटर जमीन, ५० टक्के केनपेइरित्सु आणि १०० टक्के योसेकिरित्सु. तळमजला सुमारे १०२ चौरस मीटरपर्यंतच पसरू शकत होता.

चौक आकाशाला खुला असेल तर तो इमारतीच्या क्षेत्रात धरत नाहीत, आणि जेवढी जमीन मोकळी ठेवावीच लागते तिच्यातलाच काही भाग चौक म्हणून घराच्या आत घेता येतो, हे त्याचे मोठे सुख आहे. मात्र चौकावर येणारी पागोळी एक मीटरहून पुढे आली, तर जादा भाग मोजला जातो. एनगावावर, म्हणजे घराच्या कडेने जाणाऱ्या लाकडी ओसरीवर, खोल छप्पर हवे असेल तर ही अट सुरुवातीलाच वास्तुविशारदाशी बोलून घ्यावी.

कमी उंचीच्या निवासी विभागात ‘कितागावा शासेन’ हा आणखी एक नियम असतो. उत्तरेकडच्या शेजाऱ्याला ऊन मिळावे म्हणून उत्तर हद्दीवर पाच मीटर उंची आणि तिथून आत येताना दर मीटरला सव्वा मीटर वाढ, अशी ही तिरपी मर्यादा असते. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढच्या पायरीत तो आडवा येतो.

४. उन्हाचे गणित स्वतः मांडून पाहा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. चित्रात चौक नेहमी उन्हाने भरलेला दाखवतात, पण ते चित्र जूनमधले असते. टोकियोच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३१ अंशच वर येतो. त्या वेळी एखाद्या भिंतीची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ १.७ पट लांब पडते. दक्षिणेकडची बाजू दुमजली, म्हणजे पागोळीपर्यंत सहा मीटर उंच असेल, तर सावली दहा मीटर जाते. शहरातल्या जमिनीवर दहा मीटर रुंद चौक कुणालाच परवडत नाही.

आमचा चौक दोन केन लांब आणि दोन केन रुंद आहे. एक केन म्हणजे १.८२ मीटर, म्हणून प्रत्येक बाजू ३.६४ मीटरची आणि क्षेत्रफळ चार त्सुबोंचे. पहिल्या आराखड्यात दोन्ही बाजू दुमजली होत्या. मी कागदावर आडवा छेद काढून ३१ अंशांची रेघ मारली, तेव्हा सावली समोरच्या भिंतीवर ३.८ मीटरपर्यंत चढत होती. म्हणजे तळमजल्यावरच्या जेवणघराला थंडीभर उन्हाची तिरीपही मिळणार नव्हती. मग दक्षिणेकडचा भाग, सासूसासऱ्यांचा, एकमजली केला आणि पागोळी तीन मीटरवर आणली. आता तीच रेघ समोरच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर येते. जमिनीपासून आमच्या घरातली फरशी अर्धा मीटर उंच आहे, त्यामुळे खिडकीच्या खालच्या वीतभर भागावरच सावली राहते आणि दुपारचे ऊन जेवणाच्या टेबलाखालून आत सरकते. छपराचा उतार तीन सुन, म्हणजे दहाला तीन, इतका सौम्य असल्याने आढे त्या रेघेच्या खालीच राहते. हा छेद काढायला मोजपट्टी, कोनमापक आणि चौकटीचा कागद पुरतो. कंपनीकडून रंगीत चित्रे घेण्याआधी तो स्वतः काढावा, असा माझा आग्रह आहे.

दुमजली भाग उत्तरेला गेला की मघाचा तिरपा नियम समोर येतो. हद्दीपासून एक मीटर आत भिंतीची उंची सव्वासहा मीटरपर्यंत चालते. आम्ही तेवढ्यात बसवले, पण त्यासाठी वरच्या मजल्याच्या छताची उंची थोडी कमी करावी लागली.

अरुंद चौकाचा आणखी एक सापळा कायद्यातला आहे. राहत्या खोलीला साधारणपणे तिच्या फरशीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक सप्तमांश इतकी उजेड देणारी खिडकी लागते, आणि चौकात उघडणारी खिडकी पूर्ण मापाने मोजत नाहीत. खिडकीच्या वरच्या पागोळीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर, भागिले त्या पागोळीपासून खिडकीच्या मध्यापर्यंतची उंची, या भागाकाराला सहाने गुणून त्यातून १.४ वजा करतात. अंतर दीड मीटर आणि उंची पाच मीटर असेल तर उत्तर ०.४ येते, म्हणजे दोन चौरस मीटरची खिडकी कायद्याच्या लेखी ०.८ चौरस मीटरच ठरते. अशी खोली कागदोपत्री ‘शयनगृह’ न राहता ‘कोठी’ होऊन बसते.

५. चौकाचा आकार: चारही बाजू बंद करू नका

चारही बाजूंनी बंद चौकाला जपानी अक्षरावरून ‘रो’ आकार म्हणतात आणि एक बाजू उघडी असलेल्याला ‘को’ आकार. वाड्याच्या आठवणीने माझा जीव ‘रो’ आकारावर जडला होता. तो सोडला हे फार बरे झाले. आमच्या चौकाची पश्चिम बाजू दोन्ही भागांना जोडणाऱ्या बोळाने बंद आहे, त्यामुळे उन्हाळ्यातले ‘निशिबी’, म्हणजे मावळतीचे भाजणारे ऊन, आणि हिवाळ्यातला वायव्येचा बोचरा वारा दोन्ही अडतात. पूर्व बाजूला फक्त लाकडी जाळीचे कुंपण आणि एक मीटर रुंदीचे दार आहे. सकाळचे ऊन तिथून येते, माळी घरातून न जाता तिथूनच ये-जा करतो, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी चौकातल्या भिंती रंगवायला परांची उभारायची वेळ येईल तेव्हा तिचे लोखंडी पाइपही तिथूनच आत जातील. बंद चौकात हे सगळे दिवाणखान्यातून न्यावे लागते.

६. खिडक्या एकमेकींसमोर ठेवू नका

दोन्ही बिऱ्हाडांच्या मोठ्या खिडक्या चौकात समोरासमोर ठेवल्या की पहिले चार दिवस आनंदाचे जातात आणि पाचव्या दिवसापासून दोन्हीकडचे पडदे कायमचे ओढले जातात. पडदे ओढलेला चौक म्हणजे वाया गेलेली चार त्सुबो जमीन. आमच्या ओळखीच्या दोन घरांत मी हे पाहिले आहे.

आम्ही खिडक्यांच्या जागा सरकवून ठेवल्या. आमच्या जेवणघराची खिडकी सासूबाईंच्या एनगावाकडे तिरकी पाहते, त्यांच्या झोपण्याच्या खोलीकडे मुळीच नाही. त्यांच्या खोलीला चौकाच्या बाजूने फक्त जमिनीलगतची आडवी, गुडघ्याएवढी खिडकी आहे. तिच्यातून बसलेल्या माणसाला शेवाळ आणि दगड दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. रोज पहाटे त्या खिडकीच्या कागदी पडद्यामागे पिवळा उजेड लागतो आणि त्याची एक लांबट पट्टी ओल्या दगडावर पडते. मी चहाचे आधण ठेवताना ती पट्टी पाहते. मागच्या फेब्रुवारीत एकदा सहा वाजले तरी उजेड दिसला नाही, म्हणून बोळातून जाऊन पाहिले, तर त्यांना ताप भरला होता. दार ठोठावून ‘बऱ्या आहात ना?’ असे रोज विचारले असते तर त्यांना ते पाळत ठेवल्यासारखे वाटले असते.

बोळाच्या दोन्ही टोकांना दारे ठेवा आणि कडी दोन्ही बाजूंनी लावता येईल अशी असू द्या. आमच्याकडे दार उघडे असेल तर यावे, बंद असेल तर फोन करावा, असा साधा नियम आहे.

बुत्सुदान सासूसासऱ्यांच्या भागात, त्यांच्या गेनकानपासून, म्हणजे प्रवेशाच्या जागेपासून, जवळच्या तातामी खोलीत ठेवले. ओबोनला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, आणि नववर्षाला नातेवाईक येतात, त्यांना आमच्या बिऱ्हाडातून जावे लागत नाही. दिशांच्या बाबतीत मराठी माणसाने एक तयारी ठेवावी. आपल्याकडे ईशान्य ही देवाची, सर्वांत शुभ दिशा. इथे ईशान्य म्हणजे ‘किमोन’, दैत्यांचे दार. ओकासाननी त्या कोपऱ्यात दार किंवा शौचालय नको असे सांगितले आणि माझ्या आईने फोनवर नेमके तेच सांगितले, कारणे मात्र उलटी होती. त्या कोपऱ्यात आज नानतेनचे झुडूप आहे, जे इथे संकट परतवणारे मानतात.

७. भूकंपाचा हिशेब मागून घ्या

चौकाभोवतीचे घर आकाराने तुटक असते. त्याचे दोन भाग भूकंपात वेगवेगळे हलू पाहतात आणि सांध्यावर पीळ पडतो. शिवाय चौकाकडे मोठ्या काचा असल्याने तिथे भूकंप पेलणाऱ्या भिंती कमी पडतात. १९८१ मध्ये भूकंपाचे नवे निकष आले आणि लाकडी घरांसाठी ते २००० मध्ये आणखी कडक झाले, पण त्यातून मिळते ती किमान पातळी. ‘ताइशिन तोक्यू’ या श्रेणीत तिसरी श्रेणी सर्वांत वरची असून ती पहिलीपेक्षा दीडपट भूकंपबल पेलेल अशा हिशेबाने बांधतात. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात सर्वोच्च तीव्रतेचे दोन धक्के अठ्ठावीस तासांच्या अंतराने बसले, तेव्हा तिसऱ्या श्रेणीची घरे चांगली टिकून राहिली. तिसरी श्रेणीच मागा, आणि ती सविस्तर संरचना गणिताने सिद्ध केलेली हवी असे करारात लिहून घ्या. ‘त्या श्रेणीइतकेच मजबूत’ हे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घरांनाही परवानगीसाठी संरचनेची कागदपत्रे जोडावी लागतात, त्यामुळे नव्याने बांधणाऱ्यांचे काम थोडे सोपे झाले आहे.

जमिनीची भारक्षमता चाचणी जुने घर पाडल्यावर पुन्हा करावी लागते. जमीन मऊ निघाली तर खर्च बराच वाढतो, म्हणून अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम बाजूला ठेवा.

८. पाणी चौकातून बाहेर कसे जाईल

जून-जुलैचा त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, सप्टेंबरची वादळे आणि अलीकडे तासाभरात कोसळणारे ढगफुटीसारखे पाऊस, या तिन्हींचे पाणी चौकात साठू शकते. बंद चौक हा एक हौदच असतो. यासाठी चार गोष्टी पाहाव्यात. पावसाचे निचरा तोंड एकच न ठेवता दोन ठेवावीत, कारण शरद ऋतूत मोमिजीच्या, म्हणजे जपानी मेपलच्या, पानांनी एक हमखास तुंबते. पाइप पायाखालून जाणार असतील तर काँक्रीट ओतण्याआधी त्यांच्यासाठी भोके ठेवावी लागतात, आणि नंतर पाया फोडणे म्हणजे घराची ताकद कमी करणे. जमिनीला घराकडून उघड्या बाजूकडे उतार द्यावा, म्हणजे दोन्ही तोंडे तुंबली तरी पाणी जाळीखालून बाहेर वाहील. आणि दोन्ही छपरांचे पाणी चौकात उतरू देऊ नये. आमच्या एकमजली भागाचे छप्पर दुपाखी आहे, त्याचे अर्धेच पाणी चौकाच्या बाजूला येते, तेही पन्हळीतून.

लाकडी घराला वाळवीचे भय असते. चौकातली माती भिंतीला टेकू देऊ नये. आम्ही भिंतीलगत अर्धा मीटर रुंद खडीचा पट्टा ठेवला आहे.

९. थंडी, काच आणि न्हाणीघर

चौकामुळे बाहेरच्या भिंतींची लांबी वाढते आणि तेवढी उष्णता जास्त निसटते. नव्या घरांना एप्रिल २०२५ पासून ऊर्जाबचतीचे निकष सक्तीचे आहेत. टोकियो आणि आसपासच्या बहुतेक भागात उष्णता निसटण्याचा ‘यूए’ आकडा ०.८७ पर्यंत चालतो, पण चौकाच्या घरात ०.६० च्या खाली जाण्याचा प्रयत्न करावा. खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या न घेता राळेच्या, म्हणजे प्लास्टिकच्या घ्याव्यात. यात एक दिलासा असा, की अर्ध-अग्निरोधक विभागात हद्दीपासून तळमजल्यावर तीन आणि वरच्या मजल्यावर पाच मीटरच्या आतल्या खिडक्यांना महागडी अग्निरोधक काच लागते. चौकातल्या खिडक्या त्याहून आत असतील तर साधी काच चालते.

सासूसासऱ्यांचे न्हाणीघर आणि कपडे बदलण्याची जागा उबदार ठेवणे याला मी सर्वांत वरचे स्थान देईन. हिवाळ्यात गार जागेतून कढत पाण्यात उतरताना रक्तदाब एकदम बदलून ज्येष्ठांचे मृत्यू होतात. त्यांच्या भागात उंबरे नसावेत, दारे सरकती असावीत, आणि ज्या भिंतींवर पुढे हातकठडे लागतील तिथे आतून जाड प्लाय आधीच बसवून घ्यावा. दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून घरातील दुरुस्तीसाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत मिळते, पण नव्या बांधकामाला ती लागू नाही. प्लाय तयार असला की पुढे ती मदत घेऊन कठडे एका दिवसात लागतात.

१०. करारातले ‘गाइको’ आणि कामाचा क्रम

कंपन्या दर त्सुबोमागे किंमत सांगतात. त्यात ‘गाइको’, म्हणजे कुंपण, वाहनतळ, बाग वगैरे बाहेरची कामे, सहसा नसतात, आणि आमच्या कंपनीने चौकही गाइकोत धरला होता. करारावर शिक्का मारायच्या आदल्या आठवड्यात ते लक्षात आले. चौकातली फरसबंदी, निचरा, दिवे, नळ आणि माती हे पाचही शब्द अंदाजपत्रकात शोधा. त्याच आराखड्यात वातानुकूलन यंत्रांचे पाच बाह्य भाग चौकात मांडलेले होते. उन्हाळ्यात ते गरम हवा आणि घरघर दोन्ही बिऱ्हाडांच्या खिडक्यांत सोडतात. त्यांना घराच्या बाहेरच्या बाजूला हलवण्याचा आग्रह धरा, आणि हे पाइप टाकण्यापूर्वीच ठरवा.

मोठे दगड आणि मुख्य झाड यांची वेळही आधी ठरवावी. आमचा चारशे किलोंचा दगड पाया झाल्यावर, सांगाडा उभा राहण्याआधी क्रेनने ठेवला. मोमिजी मात्र घर पूर्ण झाल्यावर पूर्वेच्या दारातून आणली. झाड पानगळीचेच घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन दोन्ही मिळते. ते भिंतीपासून किमान दीड मीटर दूर लावावे.

११. मालकी, कर्ज आणि कर

इथे झेइरिशीला, म्हणजे करसल्लागाराला, पैसे देऊन एक तास बसवावे. सर्वांत मोठा सापळा नोंदणीचा आहे. घराचे दोन भाग दोन स्वतंत्र मिळकती म्हणून नोंदवले, तर आईवडिलांच्या पश्चात त्यांच्या राहत्या जमिनीच्या मूल्यात ३३० चौरस मीटरपर्यंत ८० टक्के कपात देणारी वारसा कराची सवलत मुलाला पूर्ण मिळत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो त्यांच्यासोबत राहत नसतो. आम्ही एकच मिळकत नोंदवून पैशांच्या प्रमाणात हिस्से ठेवले. ज्याने जितके पैसे घातले तितकाच त्याचा हिस्सा असावा. नाहीतर फरकाची रक्कम भेट समजून त्यावर कर लागू शकतो.

कर्जासाठी बहुतेक बँका परदेशी नागरिकाकडे कायम वास्तव्य मागतात. जमीन आईवडिलांची असेल तर बँक तीही तारण घेते, त्यामुळे त्यांना सही करण्यापूर्वी याचा अर्थ नीट समजावून सांगावा. कर्जासाठी आणि नोंदणीसाठी ही कागदपत्रे लागली:

- निवास नोंद (जुमिनह्यो) आणि निवास कार्ड
- नोंदणीकृत शिक्का (जित्सुइन) आणि त्याचे प्रमाणपत्र
- पगारावरील कर कपातीचा दाखला (गेनसेन) आणि पालिकेचा कर दाखला
- कंपनीचा करार, आराखडे आणि बांधकाम परवानगी

शिक्का कातकाना लिपीत करायचा असेल तर तुमच्या नावाचे कातकाना रूप जुमिनह्योत आधी नोंदलेले हवे. माझा पहिला शिक्का याच कारणाने नाकारला गेला.

१२. परवानगी, तपासणी आणि शेजारी

‘काकुनिन शिनसेइ’, म्हणजे बांधकाम परवानगीचा अर्ज, मंजूर झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. काम संपल्यावर अखेरची तपासणी होऊन ‘केनसाझुमिशो’ हे प्रमाणपत्र मिळते. ते घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवा, पुढे विक्री, कर्ज, वाढीव बांधकाम प्रत्येक वेळी लागते. घर तयार झाल्यापासून एका महिन्याच्या आत इमारतीची पहिली नोंद करावी लागते. जुने घर पाडल्याची नोंदही एका महिन्यात.

पाडकाम सुरू होण्यापूर्वी समोरच्या तीन आणि दोन्ही बाजूंच्या घरी टॉवेलसारखी लहान भेट घेऊन जाऊन यावे, आणि जमीन मागच्या घराला लागून असेल तर मागेही. जिचिनसाइ, म्हणजे आपल्या भूमिपूजनासारखा विधी, ओकासानच्या इच्छेने केला. चार कोपऱ्यांना हिरवे बांबू, मध्ये तांदूळ, मीठ आणि साके. मी एक नारळ ठेवण्याची परवानगी मागितली आणि पुजाऱ्यांनी ती आनंदाने दिली.

१३. राहायला आल्यावर चौकाची कामे वाटून घ्या

वीज आणि पाण्याचे मीटर वेगळे असले तरी चौकातला दिवा आणि नळ कुणाच्या मीटरवर, हे ठरवावे लागते. आमचा नळ त्यांच्याकडे आणि दिवा आमच्याकडे आहे. छाटणीचे माळ्याचे बिल दोन्ही घरे निम्मे-निम्मे भरतात. शेवाळावर पडलेली पाने ओकासान हाताने वेचतात आणि त्यात त्यांना मदत नको असते, हे समजायला मला एक शरद ऋतू लागला. निचऱ्याच्या जाळ्या काढून धुणे माझ्याकडे आहे. त्सुयूच्या आधी एकदा, वादळांच्या आधी एकदा आणि नोव्हेंबरअखेर पाने गळून झाल्यावर एकदा, अशा वर्षातून तीन वेळा त्या साफ कराव्या लागतात. त्या दिवशी पूर्वेचे दार उघडे ठेवते आणि धाकटा मुलगा बादली धरून उभा राहतो.